पडीक रानात गवत कधी परततं?

तीन वर्षं रान पडीक आहे, तरी नुसतं तणच. बांधापलीकडच्या माळावर पवन्या गवत आहे, मग आमच्याकडे का येत नाही? (आटपाडी)

नांगरटीत पवन्याचे ठोंब (मुळांसकटचे झुबके) उपटून वाळले, आणि त्याचं बी मातीत फार काळ टिकत नाही. ते दूरही जात नाही, बरंचसं आईच्या पायाशीच पडतं. तणांचं बी मात्र वर्षानुवर्षं दबा धरून असतं. म्हणून आधी तरोटा, गाजर गवत आणि हंगामी गवतं माजतात, मागून हरळी आणि कुंदा पसरतात. मग कुसळी (टोकदार कुसळांचं गवत) येते, सगळ्यांत शेवटी पवन्या, आणि खोल काळ्या रानात मारवेल. मेंढरं सतत चरत असतील तर ही चाल मध्येच अडते. कोवळं, गोड गवत आधी खाल्लं जातं, कुसळीच उरते. तुमचा बांध हीच बियाणाची कोठी आहे. तो पेटवू नका.

मग गवत लावता येईल का? (जत)

येईल, पण सगळं रान नांगरू नका. नांगरलं की तणांचं दडलेलं बी पुन्हा वर येतं. उताराला आडव्या उथळ सऱ्या काढा. ठोंब लावणं सर्वांत खात्रीचं : बांधावरचा जुना ठोंब खणून त्याचे मुळांसकट फुटवे वेगळे करा, शेंडे छाटा आणि 50 सेंमी अंतरावर लावा. दहा गुंठ्यांना सुमारे 4,000 फुटवे लागतात. जून-जुलैच्या पावसाच्या एका सरीवर भुलू नका. जतकडे भरवशाचा पाऊस बहुधा सप्टेंबरात येतो, रान चांगलं भिजल्यावरच लावा. बी पेरायचं तर गेल्या वर्षीचं घ्या, ताजं बी बऱ्याचदा सुप्त असतं. ते हलकं, लवदार असल्याने ओलसर मातीत कालवून टाका आणि जेमतेम 1 सेंमी झाका. खोल गेलं तर उगवत नाही. युरिया नको, तो आधी तणच खातं. पहिल्या वर्षी चराई पूर्ण बंद ठेवा, दुसऱ्या वर्षी बी झडल्यावर कापणी करा.

कुसळीचं काय करायचं? (माण)

कुसळं धरण्याआधी कापा. तेव्हा ती चांगली वैरण असते, नंतर कुसळं मेंढरांच्या लोकरीत आणि तोंडात रुततात.

गाजर गवत? (माण)

फुलण्याआधी, ओल्या मातीतून, हातमोजे घालून मुळासकट उपटा. फुलल्यावर ओढलं तर बी तुम्हीच पसरवाल. गवताची दाट सावली पडली की ते आपोआप मागे हटतं.

पडीक रानात झाडं लावावीत का? (खटाव)

उथळ मुरमाड माळावर खड्डे घेऊन दाट लागवड करू नका. माळ म्हणजे उजाड जंगल नव्हे. लांडगा, खोकड, धाविक पक्षी यांना उघडं गवतच लागतं. हिवर, बोर विरळपणे आपोआप येतात, त्यांना राहू द्या. वेडी बाभूळ मात्र रोप हातभर असतानाच मुळासकट काढा. मोठी झाल्यावर नुसती तोडली तर बुंध्यातून दुप्पट फुटते.