साच्यात झालेली चूक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

प्रीकास्टचं, म्हणजे भिंतींची पॅनलं यार्डात साच्यात ओतून साइटवर क्रेनने जोडायचं, पहिलं काम घेतो आहेस, सात मजल्यांचं, हे कळलं. आनंद झाला आणि काळजीही वाटली, म्हणून लिहायला बसलो. सिडकोच्या बामणडोंगरीच्या कामात ९६ दिवसांत ९६ घरं उभी राहिली, त्याचा दाखला देऊन मालक तुला घाई करणार. अशी घरं झटपट उभी राहतात, ती विचार आणि कास्टिंग आधी झालेलं असतं म्हणून.

नेहमीच्या कामात चूक जिथल्या तिथे निस्तरता येते. खिडकी सरकली तर सेंट्रिंग हलवायचं, प्लंबरने उशिरा सांगितलं तर छिन्नी लावायची. इथे आज साच्यात झालेली चूक दोन महिन्यांनी क्रेनला लटकलेली दिसते. आर्किटेक्टपासून इलेक्ट्रिशियनपर्यंत सगळ्यांच्या सह्या शॉप ड्रॉइंगवर, म्हणजे पॅनल ओतण्यासाठीच्या बारीक मापांच्या नकाशावर, झाल्याशिवाय साचा मागवू नकोस. नंतर बदल झाला तर वाया गेलेली पॅनलं कोणाच्या अंगावर, तेही करारात लिहून घे. माझ्या बरोबरीचे कितीतरी कंत्राटदार प्रीकास्टला नाही म्हणतात, ते याच धास्तीने.

पैशाचंही तसंच. साचे, यार्ड, स्टील, सगळं आधी घालायचं आणि मोजमाप मात्र भिंत उभी राहिल्यावर. यार्डात पॅनलांच्या रांगा आणि काम होईल तसं मिळणारं रनिंग बिल शून्य, यात मी एकदा पुरता अडकलो. व्याजाने पोखरून काढलं. तयार मालाचा हप्ता वेगळा मागून घे, लाजू नकोस.

क्रेन ठरवताना नावापुढच्या टनांवर जाऊ नकोस. तीन बाय सहा मीटरची, १५० मिलिमीटर जाडीची भिंत पावणेसात टनांच्या घरात जाते. तेवढं वजन बूम, म्हणजे क्रेनचा हात, लांब गेल्यावर उचलेल का, ते क्रेनच्या लोड चार्टवरच कळतं.

आता सांधा. खालून आलेल्या सळया वरच्या पॅनलच्या स्लीव्हमध्ये, म्हणजे आतल्या नळीत, बसायला हव्यात. एकदा एक सळई दोन सेंटीमीटर बाजूला निघाली. पॅनल अधांतरी, क्रेनचं मीटर चालू, आणि फोरमन गॅस कटर घेऊन पुढे आला, "साहेब, एकच तर आहे, उडवतो." मी पॅनल खाली उतरवायला लावलं. डिझायनर येईपर्यंत अख्खा दिवस गेला. त्या दिवसाची मला आजवर हळहळ वाटलेली नाही. सळईभोवती भरायचा पातळ मसाला, म्हणजे ग्राउट, स्लीव्हच्या खालच्या भोकातून दाबताना वरच्या भोकातून सलग धार येईपर्यंत बूच मारू देऊ नकोस. घट्ट झाल्यावर आत पोकळी राहिली की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही.

१६ मे १९६८ रोजी पूर्व लंडनमध्ये रोनन पॉइंट या अशाच प्रीकास्ट पॅनलांच्या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. त्या मजल्याच्या बाहेरच्या भिंती निखळल्या, आधार गेला आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. चार माणसं गेली. लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. १९८६ मध्ये ती इमारत उतरवताना काही सांध्यांत मसाल्याच्या जागी वर्तमानपत्रं कोंबलेली सापडली. ती कोंबणाऱ्यालाही त्या दिवशी कोणीतरी घाई केली असेल, असं मला नेहमी वाटतं.

शॉप ड्रॉइंग आलं की सांध्यांची पानं आधी माझ्याकडे पाठव. आणि पहिल्या ग्राउटची तारीख कळव, मी सकाळीच साइटवर येतो.

तुझा काका