बंदीआधी बंदोबस्त

प्रिय मुली,

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांच्या उन्हाळी शिबिरातून पोहणे, धावणे आणि रात्रीचा मुक्काम वगळावा का, असे तू विचारले आहेस. पालक घाबरलेले आहेत, कार्यकर्ते जबाबदारी घेण्यास कचरत आहेत आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, ही तुझी तिन्ही कारणे खरी आहेत. तरीही माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे. बंदी घालण्याआधी बंदोबस्त करून पाहा.

शरीरातले पाणी कमी झाले, अंगाला अचानक गारवा लागला किंवा फार दमछाक झाली, की लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि दुखणे उठते, हे तू जाणतेस. मग खेळ सकाळी लवकर उरकून घे आणि दमलेल्या मुलाला कोणाचीही परवानगी न मागता सावलीत बसू दे. पोहणे दिवसभर तापलेल्या पाण्यात, संध्याकाळी, थोडाच वेळ ठेव. काठावर टॉवेल आणि कोरडे कपडे तयार असू देत, आणि ओल्या अंगाने कोणीही कूलरसमोर बसणार नाही, याकडे एकाने लक्ष द्यावे. हा बंदोबस्त करता येत नसेल तरच बंदीचा विचार कर.

सर्वांत अधिक लक्ष शौचालयाकडे दे. या आजारात मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे मुलांना वारंवार जावे लागते आणि मोठ्या मुलांचेही अंथरूण ओले होते. त्या लाजेपायी मूल संध्याकाळपासून पाणी पिणेच सोडते आणि पहाटे कळांनी तळमळत उठते. रात्रीचा मुक्काम खरा धोक्यात येतो तो येथे. शौचालय झोपण्याच्या खोलीला लागून हवे, तेथे रात्रभर दिवा हवा, सर्वच गाद्यांवर मेणकापड हवे आणि चादरी गाजावाजा न करता बदलणारी शहाणी बाई हवी. पाणी सर्वांनी एकत्र प्यावे. ‘तू प्यायलास का?’ असे एकट्याला चारचौघांत विचारू नये.

मी बालरुग्ण वॉर्डात परिचारिका होते, तेव्हा मला हट्टी म्हणत. मी हट्टी होतेच आणि त्याची मला खंत नाही. एका शाळेने अशाच एका मुलीला वर्षभर खेळाच्या तासाला व्हरांड्यात बसवले होते. तिचे रक्षण झाले असे मोठ्यांना वाटले. वर्गातल्या मुलींना तिचे नावही धड ठाऊक नव्हते. शिवाय हे माझ्या एकटीचे खूळ नाही. अभिनेते पॉल न्यूमन यांनी १९८८ मध्ये अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात गंभीर आजारी मुलांसाठी शिबिर सुरू केले. तेथे कर्करोगाची आणि सिकलसेलची मुले पोहतात, कारण उपचार करणारी माणसे आवारातच असतात.

तेव्हा प्रत्येक मुलाच्या डॉक्टरांना ‘खेळू द्यावे का’ असे विचारू नकोस, ‘कसे खेळू द्यावे’ असे विचार आणि उत्तर लेखी घे. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड या रोजच्या औषधांच्या वेळा कागदावर मांड. ताप १०१ अंश फॅरनहाइटच्या पुढे गेला, छातीत दुखू लागले किंवा श्वास लागला, तर वाट न पाहता मूल रुग्णालयात हलवायचे. त्यासाठी गाडी आणि चालक रात्रंदिवस शिबिरातच हवेत. खर्च वाचवण्यासाठी कोणी गाडी कमी करा म्हणाले, तर समारोपाचा मंडप कमी कर.