मेलेले आधी मोज

प्रिय,

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी उत्तर लिहायला बसले होते. दोन ओळी झाल्या आणि कागद फाडला. रागात लिहिलेलं पत्र कुणाच्या उपयोगाचं नसतं. आज डोकं शांत आहे, म्हणून पुन्हा बसलेय.

तीन पानं भरून तू विचारलंयस, रातकिडे पुढे न्यावेत की रोपं. घरचे म्हणतात, किड्यांचा नाद सोड आणि रोपं विक. मित्र म्हणतात, रोपं कुणीही विकतो, पुढचा काळ खाद्य कीटकांचा आहे. तू मधल्या मध्ये लटकलायस. ते सगळं मी वाचलं, पण अडकले दुसऱ्या पानाच्या तळाशी. तिथे कंसात लिहिलंयस, ‘मध्ये एका क्रेटमधले बरेच मेले, पण ते जाऊ दे.’

का जाऊ दे? बरेच म्हणजे किती? केव्हा? पंख फुटलेले की पिल्लं? पाठीवर पडून पाय हलवत होते की सुकून गेले होते? तीन पानांत धंद्याच्या उपयोगाची एवढी एकच ओळ होती आणि तीच तू कंसात टाकलीस.

मेलेले आधी मोज. सकाळी खोलीत शिरलास की पाणी बदलण्याआधी, खाद्य घालण्याआधी, ऑर्डरी बघण्याआधी. आकडा वहीत लिही, शेजारी तारीख आणि खोलीचं तापमान लिही, मगच केराचा डबा उघड. हे मी तुला पहिल्या भेटीत सांगितलं होतं. तू मान डोलावलीस आणि मला वाटलं, पोहोचलं.

रातकिडे आपले मेलेले स्वतःच खातात, हे तू पाहिलं असशील. कात टाकल्यावर अंग पांढरं, लोण्यासारखं मऊ असतं, तेव्हा तर जिवंत भावंडालाही सोडत नाहीत. म्हणजे क्रेटमध्ये लपायला ठेवलेला अंड्यांच्या ट्रेचा पुठ्ठा उचलल्यावर तुला पाच दिसले, तर रात्रीत मेलेले पाचाहून जास्त असू शकतात. बाकीचे कुणाच्या तरी पोटात गेले. घरगुती रातकिड्यांना होणारा एक डेन्सोव्हायरस आहे, युरोपात 1977 मध्ये तो पहिल्यांदा ओळखला गेला. माणसाला तो बाधत नाही, पण त्यानं रातकिड्यांची मोठमोठी पैदास केंद्रं रिकामी केली आहेत. विष्ठेतून आणि मेलेले खाण्यातून तो पसरतो. शेवटच्या कातीच्या आसपासची, म्हणजे सहा-सात आठवडे पोसून जवळजवळ काढणीला आलेली पिल्लं मंदावतात, उलटी पडतात, आणि काही दिवसांत क्रेटमध्ये आवाजच राहत नाही. मेलेल्यांचा आकडा एकदम शंभरावर जात नाही. आज चार, उद्या सात, परवा बारा असा चढतो. वही असेल तर सातलाच क्रेट वेगळा काढता येतो. वही नसेल तर कळतं तेव्हा ‘बरेच’ झालेले असतात.

तुझ्या माहितीपत्रकाचा मसुदाही वाचला. एक किलो रातकिडे तयार व्हायला 1.7 किलो खाद्य पुरतं, हे मोठ्या अक्षरांत घातलंयस. 2013 च्या अन्न आणि कृषी संघटनेच्या अहवालात तो आकडा आहे, आर्नोल्ड व्हान हाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या. ठीक. पण खालीच तू लिहितोस की तुझे रातकिडे घरातल्या उरल्यासुरल्यावर वाढतील. तो 1.7 चा आकडा उरल्यासुरल्याचा नाही रे! 2015 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी हेच तपासलं. कोंबड्यांना घालतात तसल्या धान्याच्या खाद्यावर रातकिडे चांगले वाढले, तरी प्रथिनांच्या हिशोबात कोंबडीच्या फार पुढे गेले नाहीत. फारशी प्रक्रिया न केलेल्या अन्नकचऱ्यावरचे 99 टक्क्यांहून अधिक काढणीच्या आकाराला येण्याआधीच मेले. त्यांनी ते मोजलं आणि छापलं. त्या एका आकड्यानं किती जणांची क्रेटं वाचली असतील! तुझ्या पत्रकात तोही आकडा हवा. प्रथिनांचंही तसंच. तू लिहिलेली साठ-सत्तर टक्के प्रथिनं ही गोष्ट पूर्ण वाळवलेल्या भुकटीची आहे. जिवंत रातकिडा बराचसा पाणीच असतो. शिवाय कवचातल्या कायटिनमधला नायट्रोजनही नेहमीच्या पद्धतीत प्रथिन म्हणूनच मोजला जातो, त्यामुळे आकडा फुगतो. हे गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी तू सांग.

आता माझी गोष्ट. ती तुला कधी सांगितली नव्हती.

सुरुवातीला माझीही एकच खोली होती. खिडकीकडे रोपांच्या ट्रेंची मांडणी, आतल्या भिंतीला रातकिड्यांचे क्रेट. खायच्या पानांच्या रोपांवर मावा आला. कोवळ्या शेंड्यांखाली हिरवट ठिपके दाटीवाटीनं चिकटलेले, पानं आतल्या बाजूला वळलेली. मी एक फवारा आणला. फुलांपासून काढलेलं पायरेथ्रिन होतं, वनस्पतीजन्य म्हणून मला ते निरुपद्रवी वाटलं. माव्याला मारतं ते रातकिड्याला का सोडेल, एवढा साधा विचार सुचला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेंच्या सर्वांत जवळच्या दोन क्रेटांत तळाला थर होता. माझी भागीदार नऊला यायची. मी साडेसातला ते सगळे पिशवीत भरून बाहेर नेऊन टाकले, पुठ्ठे झटकले, बाकीच्या क्रेटांतले थोडे थोडे आणून ते दोन भरले. मोजले नाहीत. मोजले असते तर लिहावे लागले असते, आणि लिहिले असते तर दाखवावे लागले असते.

त्याच दिवशी एक गृहस्थ किड्यांना पाला घालण्यासाठी रोपं न्यायला आले. तेही घरी रातकिडे वाढवायचे, मीच त्यांना पहिली अंडी दिली होती. ट्रेवर माझी चिठ्ठी होती, ‘फवारणी नाही’. ती मी काढली नाही. तीन दिवसांनी ते आले. त्यांचा एक क्रेट गेला होता आणि ते मलाच विचारत होते की त्यांचं काय चुकलं. मी म्हणाले, उष्णता जास्त झाली असेल. त्यांनी वहीत लिहून घेतलं. माझ्यासमोर, शाईनं. पुढे काही महिन्यांनी त्यांनी तो नाद सोडला. मी अजूनही त्यांना खरं सांगितलेलं नाही, आणि आता ते कुठे असतात हेही मला माहीत नाही.

म्हणून त्या कंसानं मला एवढा राग आला.

रोपांनाही हेच. तू लिहितोस, रोपं सोपी आहेत, त्यांत असलं काही नसतं. तुझ्याच ट्रेकडे वाकून बघ. मातीला लागून देठाला सुतासारखी बारीक, पाणचट कंबर पडते आणि रोप आडवं होतं. पानं तेव्हाही हिरवीगार असतात, त्यामुळे धक्का लागून पडलं असंच वाटतं. ती रोपमर असते, ओल्या आणि कोंदट जागेतली बुरशी. जुना ट्रे न धुता वापरला, वरून पाणी मारलं, बी दाट पेरलं की ती येते. मग आपण काय करतो? पडलेलं उपटतो, त्या कप्प्यात दुसऱ्या ट्रेमधलं रोप बसवतो आणि भरलेला ट्रे विकायला ठेवतो. भरलेला ट्रे बघून गिऱ्हाईक खूश, आणि बुरशी त्याच्या घरी. रिकामा कप्पा रिकामाच ठेव. पन्नासचा ट्रे एकेचाळीसचा म्हणून विक. खालून पाणी दे, वाऱ्याला ठेव, आणि नेण्याआधी सात-दहा दिवस रोज थोडा थोडा जास्त वेळ बाहेर काढून काटक कर. आणि पडलेली मोज. विकलेली मोजायला कुणाला सांगावं लागत नाही.

दोन्ही एका खोलीत नकोत, हे आता वेगळं सांगत नाही. सुटलेला एक रातकिडा एका रात्रीत कोवळ्या रोपांची ओळ कुरतडतो, तेही बघशील.

शेवटच्या पानावर तू विचारलंयस की पुड्यावर ‘किडे’ शब्द टाळून नुसतं ‘प्रथिनयुक्त पीठ’ लिहिलं तर लोकांची किळस कमी होईल का. आणि घरच्यांना आधी खायला घालावं, मग सांगावं, म्हणजे त्यांचं मत बदलेल. अजिबात नाही! कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असते त्यांना रातकिड्यांचीही होऊ शकते. ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन दोघांत सारखंच असतं, आणि शिजवल्यानं त्याचा त्रास टळेल असा भरवसा धरता येत नाही. न सांगता घातलेल्या एका घासानं एखाद्याचा घसा सुजू शकतो. ‘रातकिडे’ हा शब्द पुढच्या बाजूला, नावाएवढ्याच अक्षरांत, आणि ॲलर्जीची ओळ त्याला लागूनच. काढणीआधी दिवसभर उपाशी ठेवायचे, थंडीत गोठवायचे, उकळत्या पाण्यातून काढायचे, कुरकुरीत वाळवायचे, हे तू नीट करतोस, त्याबद्दल मला शंका नाही. पण नुसत्या वाळवण्यानं सगळे जंतू मरत नाहीत. काहींचे बीजाणू उकळीतूनही वाचतात. म्हणून पुड्यात ओल शिरली की तो पुडा विकायचा नाही, आणि तोही मोजायचा.

माझी भागीदार याच शब्दावरून मला सोडून गेली. तिचं म्हणणं होतं, आधी विकू, लोकांना चव लागली की सांगू. मी ऐकलं नाही. ती म्हणाली, तू आडमुठी आहेस, तुझ्यामुळे आपण कायम बारा क्रेटांवर राहू. आम्ही बारा क्रेटांवरच राहिलो, म्हणजे मी राहिले. तिनं पुढे मोठं केलं, चांगलं केलं, मला तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. पण माझ्याकडून भुकटी नेणाऱ्याला आत काय आहे ते माहीत असतं, आणि माझ्या ट्रेवर ‘फवारणी नाही’ लिहिलेलं असतं तेव्हा फवारणी नसते. इतकं मिळवायला मला दोन क्रेट, एक गिऱ्हाईक आणि एक मैत्रीण मोजावी लागली. हे लहान काम आहे असं कुणी म्हटलं की अजून माझा आवाज चढतो. तू मागे म्हणाला होतास, मावशी, तुम्ही मोठं का नाही केलं? त्या दिवशी मी विषय बदलला होता. आता उत्तर दिलं.

रोपं की रातकिडे हे मी ठरवून देणार नाही. महिनाभर दोन्हींचे मेलेले मोज, एकाच वहीत, समोरासमोरच्या पानांवर, मग आपण बोलू. त्यातल्या एखाद्या पानावर रोज लिहायचा तुला कंटाळा येईल. तो कोणत्या पानाचा आला, ते मला नक्की सांग.

आणि तो क्रेट. धुतला नसशील तर धुऊ नकोस. बाकीच्यांपासून लांब, बंद दाराआड ठेव, त्यातलं काही दुसऱ्या क्रेटमध्ये घालू नकोस, आणि त्याला हात लावल्यावर हात न धुता बाकीच्यांना शिवू नकोस. किती मेले ते खरंच आठवत नसेल तर अंदाजानं आकडा टाकू नकोस, ‘मोजले नाहीत’ असं लिही. माझ्या वहीतही त्या तारखेला, बऱ्याच वर्षांनी का होईना, मी तेच लिहिलंय.

रविवारी सकाळी येते. मी येईपर्यंत खोलीतलं काही आवरून ठेवू नकोस.

मावशी