बेरोजगारी कमी, महागाईचा दर उतरलेला, तरी २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष अर्थकारणावर कसा हरला?

तुमच्या प्रश्नामागचे आकडे आधी मांडतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत बेरोजगारी ४.१ टक्के, महागाईचा दर २.६ टक्के, शेअर बाजार उच्चांकाजवळ. मग डेमोक्रॅट 'अर्थव्यवस्थेमुळे हरले' हे कितपत खरं? माझ्या मते बऱ्याच अंशी खरं आहे. हे तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त मतदार ज्या आकड्यावर चिडला होता तो त्यांत नाही.

महागाईचा दर आणि भाव यांची गल्लत इथे होते, आणि ती खुद्द पक्षाच्या नेत्यांनीही केली. दर सांगतो की गेल्या वर्षी याच महिन्यात भाव जिथे होते तिथून ते किती चढले. जून २०२२ मध्ये हा दर ९.१ टक्के होता, चाळीस वर्षांतला सगळ्यात जास्त. पुढे तो २.६ वर आला, तेव्हा भाव उतरले नाहीत, चढायचा वेग तेवढा कमी झाला. जानेवारी २०२१ मध्ये बायडेन सत्तेवर आले तेव्हापासून निवडणुकीपर्यंत ग्राहक किंमत निर्देशांक सुमारे २१ टक्क्यांनी वर गेला होता. म्हणजे १०० डॉलरचं सामान १२१ डॉलरला. सरकार म्हणत होतं महागाई आटोक्यात आली, आणि दुकानात उभा असलेला माणूस चार वर्षांपूर्वीचा भाव आठवून बिलाकडे बघत होता. खोटं कोणीच बोलत नव्हतं. पण मत त्या दुकानातल्या माणसाकडे असतं.

पगारही वाढले होते ना, असं तुम्ही विचाराल. वाढले होते. २०२३ च्या मध्यापासून सरासरी पगारवाढ महागाईच्या पुढे होती. पण त्याआधीची दोन वर्षं पगार मागे राहिले आणि घरातली शिल्लक तेव्हाच आटली. दुसरं कारण मनाचं आहे. हार्वर्डच्या अर्थतज्ज्ञ स्टेफनी स्टँचेव्हा यांच्या सर्वेक्षणात दिसलं की पगार वाढला तर लोक ती आपल्या कामाची पावती समजतात, आणि भाव वाढले तर दोष सरकारला देतात. त्यामुळे 'पगार भावांपेक्षा जास्त वाढले' हा युक्तिवाद हिशेबाने बरोबर असूनही कानावरून गेला. ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ असा लागतो, की मी मेहनतीने मिळवलेली वाढ तुमच्या कारभाराने खाल्ली.

बेरोजगारी आणि महागाई यांचा राजकीय मारही सारखा नसतो. ऑक्टोबर २००९ मध्ये बेरोजगारी १० टक्क्यांवर गेली, २०१० च्या मध्यावधी निवडणुकीत डेमोक्रॅटांनी प्रतिनिधिगृहातल्या ६३ जागा गमावल्या, पण २०१२ मध्ये बेरोजगारी आठच्या आसपास असतानाही ओबामा पुन्हा निवडून आले. नोकरी जाण्याचा फटका फार खोल बसतो, पण काही घरांनाच. भाववाढ मात्र प्रत्येक घरात, दर आठवड्याला, किराण्याच्या पावतीवर छापून येते.

आता व्याजाकडे या, कारण माझ्या मते सगळ्यात कमी चर्चा झालेला भाग हाच आहे. महागाई रोखायला फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात अकरा वेळा व्याजदर वाढवले. जवळजवळ शून्यावरून ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेले. तीस वर्षांच्या गृहकर्जाचा दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्के होता, इतिहासातला नीचांक. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.७९ झाला. हिशेब मांडा: तीन लाख डॉलरच्या कर्जाचा मासिक हप्ता पहिल्या दराने सुमारे १,२०९ डॉलर, दुसऱ्या दराने सुमारे २,१५७. घर तेच, रक्कम तीच, आणि महिन्याला साडेनऊशे डॉलर जास्त. शिवाय या काळात घरांच्या किमतीही वाढल्या, तो भार वेगळाच.

हा हप्ता महागाईच्या अधिकृत आकड्यात दिसत नाही. १९८३ पासून ग्राहक निर्देशांकात घरमालकाच्या व्याजाऐवजी 'हे घर भाड्याने घेतलं असतं तर किती भाडं पडलं असतं' असा अंदाज धरतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही पद्धत योग्यच आहे. पण व्याज झपाट्याने चढतं तेव्हा आकडा आणि अनुभव यांच्यात फट पडते. ज्यांच्याकडे जुनं स्वस्त कर्ज होतं ते घर विकेनात, कारण विकून नवं घेतलं तर हप्ता वाढणार. त्यामुळे बाजारात घरं कमी आली, आणि पहिलं घर घ्यायला निघालेली तिशीतली मंडळी बाहेरच राहिली. क्रेडिट कार्डाचं सरासरी व्याज २१ टक्क्यांच्या वर गेलं होतं. तरुण मतदार डेमोक्रॅटांकडून का सरकला याची कारणं शोधणाऱ्यांनी आधी इथे बघावं.

तिसरी गोष्ट म्हणजे मदतीचं येणं आणि जाणं. मार्च २०२१ च्या १.९ लाख कोटी डॉलरच्या कायद्याने माणशी १,४०० डॉलर दिले आणि मुलांसाठीची करसवलत वाढवली. जुलै ते डिसेंबर २०२१ या सहा महिन्यांत सहा वर्षांखालच्या मुलामागे ३०० आणि मोठ्या मुलामागे २५० डॉलर दरमहा थेट खात्यात आले. मग सिनेटमध्ये, मुख्यतः वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट जो मँचिन यांच्या विरोधामुळे, मुदतवाढ अडली आणि पैसे थांबले. सरकारी मदत धरून मोजलेली बालदारिद्र्याची टक्केवारी २०२१ मध्ये ५.२ होती, ती २०२२ मध्ये १२.४ झाली. २०२३ च्या सुरुवातीला अन्नमदतीची जादा रक्कम बंद झाली. त्याच वसंतात मेडिकेडची (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) साथीच्या काळातली हमी संपली आणि पुढच्या वर्षभरात अडीच कोटींच्या आसपास लोकांची नावं कमी झाली. काहींना दुसरा विमा मिळाला, अनेकांना नाही. ऑक्टोबर २०२३ पासून विद्यार्थी कर्जाचे हप्ते पुन्हा सुरू झाले. म्हणजे भाव चढत असतानाच आधार एकेक करून निघत होता, आणि तो डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षाच्या काळात निघत होता. आधी मदत देऊन मग काढून घेणं हे राजकारणात मुळीच न देण्यापेक्षा महाग पडतं असं मला वाटतं.

याउलट पक्षाने जी मोठी कामं केली त्यांची फळं उशिरा पिकणारी होती. नोव्हेंबर २०२१ चा पायाभूत सुविधांचा कायदा, ऑगस्ट २०२२ चा चिप कारखान्यांचा कायदा, त्याच महिन्यातला हवामान आणि औषधांचा कायदा. ग्रामीण इंटरनेटसाठी ४२ अब्ज डॉलरहून जास्त मंजूर झाले. पण आधी देशभराचा नकाशा, मग राज्यांचे आराखडे, मग आक्षेप, मग निविदा, या साखळीत निवडणूक येऊन गेली. मेडिकेअरने, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याने, वाटाघाटी करून उतरवलेले पहिल्या दहा औषधांचे भाव लागू व्हायची तारीखच जानेवारी २०२६ होती. ज्येष्ठांसाठी इन्शुलिनवरची महिना ३५ डॉलरची मर्यादा २०२३ पासून लागू झाली, म्हणून सभांमध्ये उदाहरण द्यायला बहुतेकदा तीच सापडायची.

मतं कुठे हलली ते पाहिलं की हे सगळं नकाशावर दिसतं. टेक्सासमध्ये मेक्सिकोच्या सीमेवर स्टार काउंटी आहे, जवळजवळ सगळी वस्ती लॅटिनो आणि उत्पन्न कमी. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना तिथे ७९ टक्के मतं होती. २०२४ मध्ये ट्रम्प तिथे जिंकले. शंभराहून अधिक वर्षांत रिपब्लिकन उमेदवाराला ते जमलं नव्हतं. नेवाडा हॉटेल आणि कॅसिनोच्या कामगारांचं राज्य. तिथे ट्रम्प यांनी जून २०२४ मध्ये टिपवर कर नको अशी घोषणा केली, डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस यांनी ऑगस्टमध्ये तीच उचलली, आणि २००४ नंतर पहिल्यांदा ते राज्य रिपब्लिकनांकडे गेलं. डेट्रॉइट ज्या वेन काउंटीत येतं (बेळगावात वाढलेले मराठी खासदार श्री ठाणेदार याच भागातून निवडून येतात) तिथे २०२० मधली सुमारे ३.३ लाखांची आघाडी २०२४ मध्ये सुमारे अडीच लाखांवर आली, आणि मिशिगन राज्य हॅरिस सुमारे ८०,००० मतांनी हरल्या. वेनमध्ये अरब वंशाच्या मोठ्या वस्तीचं डिअरबॉर्न शहरही येतं आणि तिथे गाझा हे मोठं कारण होतं, तेव्हा ती सगळी घट भाववाढीच्या खात्यावर टाकू नका. एक्झिट पोलमध्ये दोन-तृतीयांश मतदारांनी अर्थव्यवस्था वाईट असल्याचं सांगितलं. वर्षाला एक लाख डॉलरहून जास्त कमावणाऱ्यांत हॅरिस पुढे होत्या आणि ३० ते ५० हजारांच्या गटात ट्रम्प. कामगारांचा पक्ष म्हणवणाऱ्यांनी हा उलटलेला क्रम गंभीरपणे घ्यायला हवा.

पक्षाच्या बोलण्यातही चूक झाली. जून २०२३ मध्ये, लोक अजून धापा टाकत असताना, बायडेन यांनी 'बायडेनॉमिक्स' हा शब्द अभिमानाने मिरवायला घेतला. आपलं नाव अर्थव्यवस्थेला दिलं की अंड्यांच्या भावालाही तेच नाव लागतं, मग अंडी बर्ड फ्लूमुळे महागलेली असली तरी. बायडेन यांनी उमेदवारीतून माघार घेतली २१ जुलै २०२४ ला. हॅरिस यांच्या हातात साधारण साडेतीन महिने उरले. घराच्या पहिल्या रकमेसाठी २५,००० डॉलरची मदत, किराण्यातल्या नफेखोरीवर बंदी अशा योजना त्यांनी मांडल्या. पण ऑक्टोबरमध्ये टीव्हीवर विचारलं गेलं की बायडेन यांच्यापेक्षा तुम्ही वेगळं काय केलं असतं, तेव्हा त्यांना काहीही आठवलं नाही. सत्तेतल्या पक्षाचा उमेदवार बदल मागणाऱ्या मतदारापुढे जातो तेव्हा त्याच एका प्रश्नाचं उत्तर तयार असावं लागतं.

तरी सगळं खापर या पक्षाच्या धोरणावर फोडणं चूक ठरेल. २०२१ च्या मोठ्या खर्चाने महागाईत भर पडली हे मी मान्य करतो, पण पुरवठा साखळ्या तुटल्या होत्या आणि युक्रेन युद्धाने तेल व धान्य भडकलं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये महागाई ११.१ टक्के आणि युरो वापरणाऱ्या देशांत १०.६ टक्के होती, म्हणजे अमेरिकेच्या शिखराहून जास्त. जुलै २०२४ मध्ये ब्रिटनचा सत्ताधारी हुजूर पक्ष १२१ जागांवर घसरला, ऑक्टोबरमध्ये जपानच्या सत्ताधारी आघाडीने बहुमत गमावलं. त्या मानाने हॅरिस ४८.३ विरुद्ध ४९.८ टक्के अशा हरल्या. त्याच दिवशी ॲरिझोना, नेवाडा, मिशिगन आणि विस्कॉन्सिन ही चारही राज्यं ट्रम्प यांच्याकडे गेली, पण सिनेटच्या जागा तिथे डेमोक्रॅटांनी जिंकल्या. राग मुख्यतः व्हाइट हाउसवर होता असाच याचा अर्थ मी लावतो. सीमेवरून होणारं स्थलांतर आणि बायडेन यांचं वय हीही कारणं होतीच.

हा राग कोणा एका पक्षाच्या मालकीचा नाही, हे ट्रम्प सत्तेवर आल्यावर वर्षभरात दिसलं. वीजबिलाचंच घ्या. न्यू जर्सीसह तेरा राज्यांना वीज पुरवणाऱ्या पीजेएम जाळ्यात पुढे लागणारी वीजनिर्मितीची क्षमता आधीच लिलावाने राखून ठेवतात. २०२४-२५ साठी तिचा भाव मेगावॉटला दिवसाचे २८.९२ डॉलर होता, २०२५-२६ साठी तो २६९.९२ झाला. कारण डेटा सेंटरची मागणी वाढतेय, जुनी केंद्रं बंद होतायत आणि नवी जोडायला वर्षानुवर्षं लागतात. जून २०२५ पासून ते बिलात उतरलं. नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट मिकी शेरिल यांनी वीजदरावर आणीबाणी जाहीर करण्याचं वचन देऊन न्यू जर्सीचं राज्यपालपद मोठ्या फरकाने जिंकलं. जॉर्जियात वीजदर ठरवणाऱ्या आयोगाच्या दोन जागा डेमोक्रॅटांनी ६० टक्क्यांहून जास्त मतं मिळवून जिंकल्या. दहाच दिवसांत ट्रम्प यांनी गोमांस, कॉफी आणि केळ्यांवरचं आयात शुल्क काढलं.

डेमोक्रॅटांचं दुखणं मात्र यामुळे बरं झालेलं नाही, कारण घरांचा प्रश्न त्यांच्याच राज्यांत सगळ्यात बिकट आहे. २०२० च्या जनगणनेनंतर कॅलिफोर्नियाची प्रतिनिधिगृहातली एक जागा इतिहासात पहिल्यांदा कमी झाली, न्यू यॉर्कचीही एक गेली. टेक्सासला दोन आणि फ्लोरिडाला एक वाढली. जागा गेली म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत राज्याच्या वाट्याचं एक इलेक्टोरल मतही गेलं. लोक तिकडे जातात याचं एक मोठं कारण घर परवडणं हे आहे. कॅलिफोर्नियात एखादी इमारत बांधायची तर पर्यावरण कायद्याखाली कोणीही दावा ठोकून ती वर्षानुवर्षं लटकवू शकत होता. बिल्डर तो उशीर आणि व्याज धरूनच किंमत लावायचा. जून २०२५ मध्ये राज्याने शहरांच्या आतल्या बहुतेक घरबांधणीला त्या कायद्यातून सूट दिली, आणि ऑक्टोबरमध्ये मोठ्या शहरांतल्या रेल्वे व जलद बस स्थानकांभोवती उंच इमारतींना परवानगी देणाऱ्या कायद्यावर राज्यपाल न्यूसम यांनी सही केली. परवान्यापासून किल्ली हातात येईपर्यंत तीन-चार वर्षं सहज जातात, तेव्हा भाडं उतरलं तर ते २०२८ च्या निवडणुकीच्या सुमारास दिसायला लागेल.