एकापेक्षा जास्त घरं असणाऱ्यांकडून जादा कर घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा आहे: काहींच्या नावावर तीन-तीन, चार-चार फ्लॅट आणि बाकीचे जन्मभर भाड्याच्या घरात, मग जास्त घरं असणाऱ्यांवर सरकारने वेगळा कर का बसवू नये?

माझं मत आधीच सांगतो. घरांची संख्या मोजून कर लावू नये. शहरात जे घर वर्षभर कुलूपबंद पडून आहे त्यावर लावावा, आणि चांगला जाणवेल इतका लावावा. पण त्याआधी आज चालू असलेली एक उलटी गोष्ट सरळ करावी लागेल. आजच्या नियमांत घर भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणं स्वस्त पडतं.

हिशेबच करू. पुण्यात एकाचं राहतं घर आहे आणि दुसरा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, किंमत ८० लाख, महिना भाडं २०,००० रुपये येऊ शकतं. कर्ज फिटलेलं आहे आणि मालक आयकराच्या ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहे असं धरू.

फ्लॅट कुलूपबंद ठेवला तर आयकर शून्य. २०१९-२० पासून दोन घरं 'स्वतःच्या वापरातली' दाखवता येतात, आणि २०२५च्या अर्थसंकल्पाने त्यातल्या अटीही काढून टाकल्या. मालक तिथे राहत नसला, कारण कुठलंही असलं, तरी दुसऱ्या घराचं वार्षिक मूल्य, म्हणजे करासाठी धरायचं वर्षाचं भाडं, शून्यच धरतात. सोसायटीही जादा काही मागत नाही.

आता तोच फ्लॅट भाड्याने दिला तर? वर्षाचं भाडं २,४०,०००. त्यातून भरलेला मिळकतकर १२,००० वजा, उरले २,२८,०००. त्यावर दुरुस्ती-देखभालीची सरसकट ३० टक्के वजावट, म्हणजे ६८,४००. करपात्र उत्पन्न १,५९,६००. सेस धरून ३१.२ टक्के दराने कर जवळपास ४९,८००. सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून घेतलं जाणारं शुल्क) वेगळे: राज्य सरकारच्या २००१च्या आदेशानुसार सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के, म्हणजे महिना २,००० सेवाशुल्क असेल तर वर्षाला २,४००. लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर ०.२५ टक्का मुद्रांक शुल्क, वर महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी. एजंटाला एक महिन्याचं भाडं. सगळं जाऊन हातात साधारण १ लाख ५४ हजार उरतात, म्हणजे ८० लाखांवर जेमतेम दोन टक्के. रंगकाम, गळका नळ, दोन भाडेकरूंच्या मधला रिकामा महिना यात धरलेलाच नाही. त्यात भाडेकरू निघाला नाही तर काय, ही धास्ती. दोन टक्क्यांसाठी ही कटकट नको म्हणणारा माणूस लोभी असेलच असं नाही, त्याला फक्त गणित येतं.

वर मिळकतकर १२,००० धरला तो मुद्दाम. पुणे महापालिका मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीला ४० टक्के सवलत देते. १९७० पासूनची ही सवलत मधल्या काळात बंद झाली होती, २०२३ मध्ये ती परत आली. ती घेण्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. सोबत सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र किंवा गॅस कार्डासारखा पुरावा, आणि शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत. सवलत असलेल्या घराचं बिल ७,२०० असेल तर सवलत गेल्यावर ते १२,००० होतं, म्हणजे दोनतृतीयांशाने वाढतं. दुसऱ्या घरावरचा जादा कर पुण्यात असा आधीपासूनच आहे, फक्त त्याला तसं कोणी म्हणत नाही. गंमत अशी की तो हमखास सापडतो नोंदणीकृत करार करून भाड्याने देणाऱ्याला. ज्याने कुलूप लावलं आणि सोसायटीचं पत्र मिळवलं, तो निसटण्याची शक्यता जास्त.

म्हणजे आयकर, मिळकतकर आणि सोसायटी, तिन्ही ठिकाणी घर वापरात आणणाऱ्यालाच भुर्दंड आहे. २०१७-१८च्या आर्थिक पाहणीने २०११च्या जनगणनेच्या आधारे सांगितलं होतं की शहरी घरांपैकी सुमारे १२ टक्के रिकामी आहेत. महाराष्ट्रात अशी घरं २० लाखांवर, देशात सर्वांत जास्त, आणि एकट्या मुंबईत ४.८ लाख. हे आकडे जुने आहेत, पण ज्या कारणांनी घरं रिकामी राहतात ती कारणं अजून जागच्या जागी आहेत.

आता तिसऱ्या घराकडे येऊ, कारण तुम्ही म्हणता तो कर कागदावर तिथे आहेच. दोनपेक्षा जास्त घरं असतील तर उरलेली घरं भाड्याने दिली आहेत असं मानून, न मिळालेल्या भाड्यावर आयकर लागतो. महिना १५,००० भाडं येऊ शकेल असं घर असेल तर वर्षाचे १,८०,०००, त्यातून ८,००० मिळकतकर आणि मग ३० टक्के वजा जाता १,२०,४०० करपात्र. ३० टक्क्यांच्या टप्प्यात कर ३७,५६५ रुपये. वाचायला कडक वाटतं, पण व्यवहारात हा कर तीन ठिकाणी गळतो.

एक, हे मानलेलं भाडं ठरवताना महापालिकेचं करयोग्य मूल्य (मिळकतकर आकारण्यासाठी ठरवलेलं वर्षाचं भाडं) हा मोठा आधार असतो, आणि जुन्या इमारतींत ते बाजारभावाच्या आसपासही नसतं. दोन, कर्ज असेल तर गणित उलटं फिरतं. त्याच घरावर वर्षाला ३ लाख व्याज जात असेल तर १,७९,६०० तोटा दिसतो, आणि जुन्या करप्रणालीत तो दोन लाखांच्या मर्यादेत पगारातून वजा होतो. म्हणजे तिसऱ्या घरावर कर बसण्याऐवजी सूटच मिळते. नव्या प्रणालीत हा तोटा पगारातून वजा होत नाही, ही मात्र चांगली सुधारणा झाली. तीन, कित्येक जण तिसरं घर विवरणपत्रात दाखवतच नाहीत. ठरावीक रकमेच्या वरची खरेदी निबंधक कार्यालयाकडून आयकर खात्याला कळते आणि वार्षिक माहिती विवरणात दिसते. पण वडिलांकडून वारशाने आलेलं किंवा वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेलं घर तिथे आपोआप उगवत नाही.

संख्या मोजण्याला माझा विरोध आहे तो 'कोणाची' हे ठरवता येत नाही म्हणून. दोन घरांची मुभा माणशी आहे, त्यामुळे स्वतंत्र कमाई असलेल्या नवरा-बायकोची मिळून चार घरं बिनकराची राहू शकतात. बायकोला घर फुकट दिलं तर आयकरासाठी मालक नवराच मानतात, पण सज्ञान मुलाला दिलं तर तसं होत नाही. आणि महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडांना बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार लागला तर तो वेगळा. लाखभराचा जादा कर दोनशेच्या कागदाने चुकत असेल तर लोक चुकवणारच. गोव्यात आणखी वेगळा प्रकार आहे. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेची सामाईक मालमत्तेची पद्धत ज्या जोडप्यांना लागू आहे, त्यांचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न आयकर कायद्याच्या कलम ५-अ नुसार दोघांत निम्मं-निम्मं विभागलं जातं. मग घर कोणाच्या खात्यात मोजणार?

कोकणात तर विचारूच नका. मुंबईतल्या चाकरमान्याचं गावचं घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर अजून आजोबांच्या नावाने असतं, हिस्सेदार सात, आणि ते उघडतं गणपतीत आणि शिमग्याला. ते त्याचं 'दुसरं घर' धरून कर लावला तर पैसे किरकोळ जमतील आणि भांडणं भरपूर. त्या घराला कुलूप असल्यामुळे मुंबईत कोणाची जागा अडत नाही.

बाहेरच्या देशांत दोन्ही वाटा चालून पाहिल्या गेल्यात. सिंगापूर खरेदीच्या वेळीच पकडतं. एप्रिल २०२३ पासून तिथल्या नागरिकाला दुसऱ्या घरावर २० टक्के, तिसऱ्यावर ३० टक्के आणि परदेशी माणसाला ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क आहे. तिथेही पळवाट निघाली: एकाने घर घ्यायचं आणि मागाहून एक टक्का हिस्सा आधीच घर असलेल्या जोडीदाराला विकायचा, म्हणजे जादा शुल्क फक्त त्या एक टक्क्यावर. कर खात्याने हे करचुकवेगिरी मानून वसुली केली. इंग्लंडमध्ये दुसऱ्या घराच्या खरेदीवर २०१६ पासून ३ टक्के अधिभार होता, तो ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस ५ टक्के झाला. वेल्समध्ये स्थानिक परिषदांना दुसऱ्या घरांवर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कौन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी) लावता येतो. तिथले मालक घर सुट्टीतल्या पाहुण्यांना देण्याचा व्यवसाय दाखवून व्यापारी कराच्या यादीत जायला लागले, तेव्हा वर्षातले १८२ दिवस प्रत्यक्ष भाड्याने दिल्याशिवाय तो दर्जा नाही असा नियम करावा लागला.

आपल्याला शिकण्यासारखं कॅनडातल्या व्हँकुव्हरचं आहे. २०१७ पासून तिथे रिकाम्या घरांवर कर आहे, सुरुवात १ टक्क्याने, आता ३ टक्के. प्रत्येक मालकाने दरवर्षी घोषणापत्र भरायचं, आणि भरलं नाही तर घर रिकामं समजून कर लावतात. म्हणजे पुरावा देण्याची जबाबदारी मालकावर, आणि पालिकेचा माणूस दार वाजवत फिरत नाही.

आपल्याकडेही असं काही होतं, हे फार जणांना आठवत नाही. १९५७चा संपत्तीकर कायदा ३० लाखांवरच्या संपत्तीवर १ टक्का घ्यायचा. एक घर वगळलेलं होतं, आणि वर्षात किमान ३०० दिवस भाड्याने दिलेलं निवासी घर संपत्तीत धरतच नसत. २०१३-१४ मध्ये देशभरातून जेमतेम १,००८ कोटी जमले, आणि २०१५च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी हा कर रद्द केला. रद्द केला ते ठीकच, खटाटोप जास्त आणि वसुली कमी. पण ३०० दिवसांचा तो नियम मात्र जपून ठेवण्यासारखा होता.

मग करायचं कसं? जमीन आणि इमारतींवरचा कर हा राज्याच्या यादीतला विषय आहे, त्यामुळे दिल्लीची वाट बघायला नको. महापालिका हद्दीत मिळकतकराच्या बिलासोबत वार्षिक घोषणापत्र घ्यावं. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार जोडला की घर वापरात आहे, विषय संपला. त्या घरालाही पुण्यातली ४० टक्के सवलत द्यावी आणि सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस बंद करावेत. करार नसेल तर विजेची बिलं बघावीत. नुसता फ्रिज चालू ठेवला तरी महिन्याला वीस-तीस युनिट जातात, म्हणून मर्यादा त्याच्या बरीच वर ठेवावी आणि बारापैकी किमान सहा महिन्यांचा वापर बघावा. टायमर लावून एसी चालवणारे महाभाग निघतील, पण त्यांचं बिलही वाढेल. पाण्यावर विसंबू नये, बहुतेक सोसायट्यांत फ्लॅटनिहाय मीटर नसतात.

दर मिळकतकराच्या पटीत ठेवला तर उपयोग नाही. ७,२०० चे १४,४०० झाले म्हणून ८० लाखांचा फ्लॅट कोणी उघडत नाही. रेडी रेकनरच्या (सरकारी दरपत्रकातल्या) किमतीवर पहिल्या वर्षी पाव टक्का, मग अर्धा, मग एक असा चढता दर हवा. रेकनरनेही किंमत ८० लाखच धरली तर २०,०००, ४०,००० आणि ८०,००० रुपये. दुसऱ्या वर्षापासून माणूस एजंटाला फोन करू लागेल. मुंबईत मालमत्ता कर २०१० पासून भांडवली मूल्यावरच आहे, त्यामुळे तिथे हे सोपं. पुण्यात करयोग्य मूल्याची पद्धत असल्याने रेकनरची जोड द्यावी लागेल, आणि तिथेच प्रशासन अडखळेल.

सूट कोणाला, हे कायद्यातच लिहावं, अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये. मालक वारला असेल तर वारसनोंद होईपर्यंत दोन वर्षं, कोर्टात वाद असेल तोपर्यंत, इमारत पुनर्विकासात असेल तर, ताबा मिळाल्यापासून पहिलं वर्ष, आणि गावठाणातली घरं कायमची बाहेर. बिल्डरला सूट नको. न विकलेल्या फ्लॅटवर त्याला आयकरात पूर्णत्वाचा दाखला मिळालेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून दोन वर्षं मानलेलं भाडं माफ आहे, तेवढं पुरे.

भाडेकरूच्या भीतीचं काय? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मुदत संपलेल्या लायसन्सीला (लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला) काढायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तो राहील तितके दिवस दुप्पट भरपाई मागता येते. अट इतकीच की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी कलम ५५ नुसार मालकाची आहे. शंभर-पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून भागवणारे नेमकं हेच संरक्षण गमावतात.

तुमच्या स्वतःच्याच नावावर भाड्याने न दिलेली तीन घरं असतील तर यंदाच्या विवरणपत्रासाठी एवढं करा. जास्तीत जास्त भाडं येऊ शकेल अशी दोन घरं स्वतःच्या वापरातली म्हणून निवडा, ही निवड दरवर्षी बदलता येते. तिसऱ्याचं मानलेलं भाडं काढताना मिळकतकर ३१ मार्चच्या आत प्रत्यक्ष भरलेला असेल तरच वजा करा, नुसतं बिल आलेलं चालत नाही. नवी प्रणाली घेतली तर स्वतःच्या वापरातल्या घरांच्या व्याजाची वजावट मिळत नाही, तिसऱ्या घराच्या व्याजाची त्या घराच्या उत्पन्नापुरती मिळते. आयकराच्या कलमाचा आकडा मी १९६१च्या कायद्यातला दिलाय. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने पुढच्या वर्षांच्या कागदपत्रांत आकडे वेगळे दिसतील, हिशेबाची रीत तीच आहे.