समुद्र लांब आहे, मग घरबसल्या मुलांना त्याची ओढ कशी लावायची?

आधी चव द्या. 1 लिटर पाण्यात 35 ग्रॅम मीठ विरघळवा, समुद्र साधारण एवढाच खारट असतो, जिभेवर एक थेंब ठेवला की मुलं जे तोंड करतात ना, बघाच. मग दोन ग्लास घ्या, एकात साधं कोमट पाणी आणि एकात भरपूर मीठ घातलेलं, दोन्हीत निळा रंग घालून केलेला बर्फाचा खडा सोडा. साध्या पाण्यात निळ्या रेघा सरसर तळाशी उतरतात, खारट पाण्यात मात्र रंग वरच साचून राहतो. कारण लगेच सांगू नका प्लीज, त्यांना डोकं लावू द्या, गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं हे बरीच मुलं स्वतःच शोधतात. आणि 30 मीटर दोरी घरभर फिरवा, निळा देवमासा एवढा लांब वाढू शकतो!