वाचकांचे प्रश्न : साथीच्या काळातला विमानप्रवास

श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाची साथ असली तरी काही प्रवास टळत नाहीत. घरातले आजारपण असते, नोकरीवर किंवा कॉलेजात हजर व्हायची तारीख असते. विमानाने जाणे भाग पडलेल्या वाचकांच्या पत्रांतले सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरे देत आहोत. उदाहरणे सार्स (२००२-०३ मध्ये पसरलेला, कोविडसारखाच फुप्फुसांचा आजार) आणि कोविड या दोन साथींतली आहेत. विषाणू नवा असला तरी विमानातली हवा खेळते ती तशीच.

विमानात सगळे तीच तीच हवा घेतात असे ऐकले आहे. मग इतकी काळजी घेऊन उपयोग काय?

हे अर्धेच खरे आहे. मोठ्या प्रवासी विमानांत केबिनमध्ये येणाऱ्या हवेपैकी साधारण निम्मी बाहेरची ताजी हवा असते. उरलेली निम्मी केबिनमधलीच, पण हेपा फिल्टरमधून गाळून परत आलेली असते. हे फिल्टर ०.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतात. हा आकार गाळायला सर्वांत अवघड असतो. त्याहून मोठे आणि त्याहून बारीक, दोन्ही प्रकारचे कण आणखी सहज अडकतात, त्यामुळे ‘विषाणू ०.३ मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणून निसटतो’ ही समजूत चुकीची आहे. उड्डाण चालू असताना केबिनमधली हवा तासाला २० ते ३० वेळा बदलते. ती छताकडून येते आणि खिडक्यांच्या खाली, जमिनीलगतच्या जाळ्यांतून बाहेर खेचली जाते. पुढून मागे असा तिचा प्रवाह कमीच असतो.

काही लहान विमानांत मात्र हेपा फिल्टर नसतात. तिकीट काढण्यापूर्वी विमानाचा प्रकार पाहून विमान कंपनीला विचारून घ्या.

आता दुसरी बाजू. हवा जाळीपर्यंत पोचून गाळली जाण्याआधी तुमच्या नाकासमोरून जाते. शेजारी बसलेल्याचा श्वास आणि तुमचा श्वास यांच्यामध्ये फिल्टर नसतो. मार्च २०२० मध्ये लंडनहून हनोईला गेलेल्या सुमारे दहा तासांच्या विमानात बिझनेस क्लासमध्ये एक आजारी प्रवासी होती. नंतर १५ जण बाधित सापडले, त्यातले १२ तिच्याच वर्गातले होते. तेव्हा विमानात मास्कची सक्ती नव्हती. त्याआधी १५ मार्च २००३ रोजी हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या तीन तासांच्या विमानात एका सार्सच्या रुग्णासोबत ११९ जण होते. त्यांपैकी २२ जणांना आजार झाला आणि त्यातले काही त्याच्यापासून बऱ्याच रांगा दूर बसले होते. म्हणून ‘दोन रांगा सोडून बसलो म्हणजे सुटलो’ असे मानू नका. हवा चांगली असते, पण मास्कची जागा ती घेत नाही.

संपूर्ण प्रवासात सर्वांत धोक्याची वेळ कोणती?

बहुतेकांना वाटते, आकाशातली. आमच्या मते विमान जमिनीवर असतानाची. आत शिरताना माणसे वाटेत खोळंबतात, सामान वर ठेवताना जोरजोराने श्वास घेतात, एकमेकांच्या तोंडासमोरून सरकतात. हवेची यंत्रणा त्या वेळी पूर्ण क्षमतेने चालू असेलच असे नाही. इंजिने बंद असताना केबिनला हवा शेपटीतल्या छोट्या सहायक इंजिनातून मिळते, नाहीतर विमानतळावरच्या यंत्राला जोडलेल्या जाड नळीतून. दोन्ही बंद असतील तर हवा तिथेच थांबते. सप्टेंबर २०२० मध्ये दुबईहून ऑकलंडला निघालेले विमान इंधनासाठी क्वालालंपूरला थांबले असताना हे सहायक इंजिन सुमारे अर्धा तास बंद होते. त्या प्रवासातून पुढे सात प्रवासी बाधित निघाले आणि ते सगळे जवळजवळच्या रांगांतले होते. दोष त्या अर्ध्या तासाचाच होता असे सिद्ध झालेले नाही, तरी तपास करणाऱ्यांनी ही बाब मुद्दाम नोंदवली.

यावरून काय करायचे? वर ठेवायची मोठी बॅग चेक-इनमध्ये द्या आणि समोरच्या सीटखाली मावेल एवढीच सोबत ठेवा. मग जागेसाठी धावपळ करावी लागत नाही आणि सर्वांत शेवटी आत शिरता येते. उतरताना उलटे करा. सीटबेल्टची खूण विझली की सगळे उभे राहतात, तुम्ही बसून राहा आणि आपल्या रांगेसमोरची वाट मोकळी झाली की उठा. विमानापर्यंत बसने जायचे असेल तर उघड्या दाराजवळची जागा धरा. जमिनीवर बराच वेळ थांबल्यावर वरच्या झरोक्यांतून हवा येत नाही असे जाणवले तर केबिन क्रूला स्पष्ट सांगा. असे सांगण्यात संकोच नको, कारण ते कॉकपिटला कळवू शकतात.

आणि मास्क विमानाच्या दारात नव्हे, टर्मिनलमध्ये शिरण्यापूर्वी चढवायचा.

डोक्यावरचा हवेचा झरोका बंद ठेवावा की उघडा?

उघडा. मध्यम जोरावर ठेवून झोत चेहऱ्यासमोरून सरळ खाली मांडीवर पडेल असा वळवा. त्यातून येणारी हवा बाहेरची आणि गाळलेली असते.

मी कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र विमानात नेले. उड्डाणात आकडा १,४०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास होता. वर्गात एवढा आकडा आला तर आम्ही खिडक्या उघडतो. घाबरावे का?

वर्गातला आणि विमानातला आकडा एका मापाने तोलता येत नाही. हेपा फिल्टर कण अडवतो, वायू अडवत नाही. परत फिरलेल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड तसाच राहतो, कण मात्र जवळजवळ सगळे निघून जातात. त्यामुळे उड्डाणात हजार ते दीड हजार हा आकडा नेहमीचाच आहे आणि तो धोका असतो त्यापेक्षा जास्त दाखवतो. तुमच्या यंत्राचा खरा उपयोग जमिनीवर आहे. माणसे चढताना आकडा दोन हजारांच्या वर जाऊन चढतच राहिला, तर हवा पुरेशी येत नाही हे कळते. टर्मिनलमधली प्रतीक्षेची जागा निवडतानाही यंत्र पाहा. कमी आकड्याचा कोपरा शोधून तिथे बसा.

कोणता मास्क, किती, आणि जेवणाचे काय?

एन-९५, केएन-९५ किंवा एफएफपी-२ यांतला जो तुमच्या चेहऱ्याला चिकटून बसतो तो. प्रमाणित चाचणीत पहिले दोन किमान ९५ टक्के कण अडवतात आणि तिसरा ९४ टक्के, हा फरक प्रवाशाच्या दृष्टीने नगण्य आहे. फटीचा फरक मात्र फार मोठा असतो. श्वास नेहमी सोपी वाट धरतो, म्हणून नाकाशेजारी बोटाएवढी फट राहिली की हवा कापडातून न जाता तिथूनच आत-बाहेर करते. सर्जिकल मास्कचे कापड चांगले असूनही तो कमी पडतो तो याच कारणाने. कानाला अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असलेला मास्क घट्ट बसतो. लांबच्या प्रवासात कानही दुखत नाहीत.

बसला की नाही हे असे पाहा. धातूची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी नाकावर दाबून घ्या. चिमटीने दाबली तर मधोमध टोक येते आणि दोन्ही बाजूंना फटी राहतात. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे झुळूक आली किंवा चष्म्यावर वाफ धरली तर पट्टी पुन्हा बसवा. गालाकडून आली तर पट्टे ताणा. तरीही गळत असेल तर तो आकार तुमचा नाही. दाढीवर कोणताही मास्क नीट बसत नाही, प्रवासापुरती ती काढता आली तर काढा. झडपेचा मास्क घेऊ नका. त्यातून तुमचा श्वास न गाळताच बाहेर पडतो आणि कोविडच्या काळात अनेक विमान कंपन्यांनी तो चालवून घेतला नाही.

हे सगळे निघण्याच्या आदल्या दिवशी घरी करून पाहा आणि मास्क लावून तासभर वावरा. विमानात नवा मास्क उघडणारी माणसे तासाभरात तो हनुवटीवर ओढतात. सोबत किमान तीन ठेवा: एक तोंडावर, एक भिजला तर बदलायला, एक पट्टा तुटला तर. सुटे मास्क कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये दमटपणा कोंडतो.

जेवणाच्या वेळी सगळ्यांचे मास्क एकदम उतरतात, तोच क्षण टाळायचा. तीन-चार तासांचा प्रवास असेल तर टर्मिनलमध्ये शिरण्याआधी, शक्य तर उघड्यावर, पोटभर खाऊन घ्या आणि विमानात खाऊच नका. प्रवास लांबचा असेल तर ताट घेऊन ठेवा, शेजाऱ्यांचे जेवण होऊन त्यांनी मास्क लावले की पंधरा मिनिटांत आटपा. पाणी मात्र टाळू नका, कारण केबिनमधली आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्याही खाली असते. श्वास रोखून मास्क खालून उचला, घोट घ्या, मास्क परत बसवा, मग श्वास घ्या. सुरक्षा तपासणीत चेहरा दाखवतानाही असाच दोन-तीन सेकंद श्वास रोखा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. छतातून ऑक्सिजनचा मास्क खाली आला तर आधी आपला मास्क काढायचा, मगच तो लावायचा.

सीट कोणती घ्यावी?

खिडकीची. वाटेवरून जाणाऱ्या-येणाऱ्यांचा संपर्क तिथे सर्वांत कमी येतो, स्वच्छतागृहाच्या रांगेजवळची सीट त्यामुळेच टाळा. पण चार तासांहून लांबच्या प्रवासात बसून राहिल्याने पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. ज्यांना आधी गुठळी झाली आहे, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी वाटेलगतची सीट घेऊन अधूनमधून चालावे. त्यांच्यासाठी हा धोका मोठा आहे. बाकीच्यांनी बसल्या जागी टाचा आणि चवडे आलटून पालटून उचलत राहावे.

सीट, ट्रे, बेल्ट सगळे पुसून काढावे का?

ट्रे, हाताचे दांडे, बेल्टचा बकल आणि समोरचा स्क्रीन एकदा पुसा. तेवढे पुरे. निर्जंतुक करणाऱ्या ओल्या कागदांच्या पाकिटावर पृष्ठभाग किती वेळ ओला राहायला हवा ते लिहिलेले असते, तेवढा वेळ तो ओला ठेवा. लगेच कोरडा केला तर फक्त धूळ निघते. सॅनिटायझर किमान ६० टक्के अल्कोहोलचा असावा. हातातल्या सामानात द्रवाच्या बाटलीला बहुतेक ठिकाणी १०० मिलीची मर्यादा असते. श्वासाच्या रोगात पृष्ठभागांपेक्षा हवाच महत्त्वाची, म्हणून पुसण्यात दमून मास्क सैल सोडू नका.

कोविडच्या साथीत ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह अहवाल असूनही एका प्रवाशाला परत पाठवले, असे कसे?

बहुधा तास मोजण्यात गफलत झाली असावी. त्या काळात काही देश नमुना घेतल्यापासून विमान सुटेपर्यंतचे तास धरत, काही पोचेपर्यंतचे. मधे विमान बदलायचे असेल तर पहिले विमान की शेवटचे, हाही प्रश्न येई. पुन्हा असा नियम आला तर तो ज्या देशात उतरायचे त्याच्या सरकारी संकेतस्थळावर वाचा आणि वाटेत जिथे विमान बदलायचे तिथलेही पाहा. अहवालावर पासपोर्टमधलेच नाव, पासपोर्ट क्रमांक, चाचणीचा प्रकार आणि नमुना घेतल्याची तारीख व वेळ हवी. नुसती अहवालाची तारीख चालत नाही. छापील प्रत जवळ ठेवा.

नियमापलीकडचे सांगायचे तर तीन दिवसांपूर्वीचा निगेटिव्ह अहवाल आजची खात्री देत नाही. निघायच्या दिवशी घरी अँटिजेन चाचणी करा. ती प्रयोगशाळेतल्या आरटी-पीसीआर चाचणीइतकी संवेदनशील नसते, पण शरीरात विषाणू भरपूर आहे का हे त्याच वेळी सांगते.

थोडा ताप आहे, पॅरासिटामॉल घेऊन गेले तर चालेल का?

नाही. गोळीने अंगाची उष्णता उतरते, संसर्ग उतरत नाही. तापमापक यंत्र चुकवता येईल, शेजारच्या माणसाला होणारा आजार चुकवता येणार नाही. शिवाय नाक चोंदलेले असताना विमान उतरू लागले की कानात तीव्र वेदना होतात, कधी पडदाही फाटतो. तारीख बदला.

वडिलांना न्यूमोनिया होऊन गेला आहे. ऑक्सिमीटर घरी ९३ दाखवतो. विमानात चालेल?

डॉक्टरांनी तपासून लेखी दिल्याशिवाय नको. उड्डाणात केबिनमधला दाब समुद्रसपाटीपासून ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तेवढाच ठेवतात. निरोगी माणसाचाही आकडा तिथे ९० ते ९५ च्या दरम्यान येऊ शकतो, म्हणून घरीच ९३ असलेल्या माणसाजवळ उतरायला फारशी जागा उरत नाही. विमानात ऑक्सिजन लागेल का, हे फुप्फुसांचे डॉक्टर चाचणीने ठरवू शकतात. लागणार असेल तर विमान कंपनीचा वैद्यकीय अर्ज तिकिटाबरोबरच मागवा, त्याला काही दिवस लागतात. घरचा सिलिंडर सहसा नेऊ देत नाहीत. कंपनीने मान्य केलेले बॅटरीवरचे ऑक्सिजन यंत्र चालते, पण बॅटरी एकूण प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल इतक्या हव्यात. सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त हातातल्या सामानात ठेवता येतात. औषधेही हातातच ठेवा, दोन आठवडे जास्तीची. साथीत परतीचे विमान रद्द होणे नवे नाही.

दीड वर्षाची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा सोबत आहे.

दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क कधीच लावू नका, गुदमरण्याचा धोका असतो. तिच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्यांचे मास्क घट्ट असणे हेच तिचे संरक्षण. तिला घेऊन एकाने खिडकीशी बसावे आणि दुसऱ्याने मधल्या सीटवर. मुलाला त्याच्या मापाचाच मास्क घ्या. मोठ्यांचा मास्क गाठ मारून लहान केला तर गालापाशी उघडाच राहतो. विमान उतरू लागते ते जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी. तेव्हा बाळाला उठवून दूध किंवा पाणी पाजा, गिळण्याने कान मोकळे होतात.

पोचल्यावर काय करावे?

टॅक्सीत दोन्हीकडच्या काचा थोड्या उघड्या ठेवा आणि मास्क तसाच राहू द्या. पहिले पाच दिवस वयस्कर आणि आजारी माणसांपासून दूर राहा. लक्षणे नसली तरी तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान चाचणी करा, कारण त्याआधी शरीरात विषाणू सापडण्याइतका वाढलेला नसतो. बोर्डिंग पासचा फोटो काढून दोन आठवडे जपून ठेवा. कुणी बाधित निघाले तर आरोग्य खाते आसपासच्या रांगांतल्या प्रवाशांना शोधते आणि तुम्ही बाधित निघालात तर तुमच्याकडे पहिल्यांदा विमान आणि सीटचा क्रमांकच विचारला जाईल. प्रवासात सीट बदलली असेल तर तीही नोंदवून ठेवा, कारण विमान कंपनीच्या यादीत जुनाच क्रमांक असतो.